क्षीण प्रकाशाला बळ देणारी विद्या

आपल्या पेण व रोहा तालुक्यांतील कित्येक घरांतील कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेले. एके काळी त्यांची खुशाली पत्राने कळे, अगर ट्रंककॉल लावून तासन् तास ताटकळावे लागे. पुढे हाच आवाज केसासारख्या बारीक काचतंतूतून, प्रकाशाच्या रूपाने, समुद्रतळावरून येऊ लागला. १९९७ साली सुरू झालेली ‘फ्लॅग’ ही समुद्री केबल फुजैरा व मुंबई या दोन्ही किनाऱ्यांना लागली. आपल्या राज्यात या विद्येचा आरंभ १९७९ साली पुण्यात, दूरध्वनी केंद्रे काचतंतूने जोडून झाला. रोह्यापासून दक्षिणेस जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या मार्गालगतही अशी केबल आहे.

परंतु प्रकाश दूर जाता जाता क्षीण होतो. वाटेत त्याला पुन्हा बळ देणे, म्हणजेच विवर्धन करणे, भाग पडते. या विद्येचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी कैरो येथे ‘किताबुल मनाझिर’ हा प्रकाशावरील ग्रंथ सिद्ध केला आणि प्रत्येक मत प्रयोगाने तपासण्याचा धडा घालून दिला. १८०० साली हर्शेल यांना तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सापडले. १९१७ साली आइन्स्टाइन यांनी दाखविले की, उत्तेजित अणूजवळून योग्य ऊर्जेचा प्रकाशकण गेला तर तो अगदी आपल्यासारखाच दुसरा कण बाहेर काढतो. एकाचे दोन, दोहोंचे चार. विवर्धनाचे मूळ तत्त्व हेच होय. १९६२ साली अर्धसंवाहकांपासून लेसर बनला, तर १९८७ साली एर्बियम मिसळलेल्या काचतंतूत प्रकाशाचे थेट विवर्धन साधले.

काचतंतूत सुमारे दीड मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. त्याहून लांब तरंगांचा मध्य-अवरक्त प्रकाश साधी काच शोषून घेते. मात्र ३ ते ५ व ८ ते १२ मायक्रॉन या पट्ट्यांत हवा त्याला बरीचशी वाट देते, आणि विरळ धुक्यात तो कमी विखुरतो. धरमतरसारख्या खाडीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर, केबल न टाकता संदेश पाठविण्यास असा प्रकाश उपयोगी पडू शकेल. पण त्याला बळ देणार कोण?

१९७१ साली लेनिनग्राडच्या कझारिनॉव्ह व सुरिस यांनी उत्तर सुचविले: अर्धसंवाहकांचे अत्यंत पातळ थर एकावर एक रचावेत, म्हणजे विद्युत्‌प्रवाहाच्या जोरावर त्यांत प्रकाशाचे विवर्धन होईल. आपल्याकडे उतारावरील भातखाचरांत एकच पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत प्रत्येकाला भिजविते. त्याचप्रमाणे एकच इलेक्ट्रॉन पायरीपायरीने उतरतो आणि प्रत्येक पायरीवर एक प्रकाशकण देऊ शकतो. प्रकाशाची तरंगलांबी थरांच्या जाडीवरून ठरते.

कल्पना तयार होती, पण असे थर अचूक रचण्याची कला तिच्या मानाने अपुरी होती. ती कला आल्फ्रेड चो यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केली. तेथेच १९९४ साली फाइस्त, कापासो, चो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४.२ मायक्रॉनचा ‘क्वांटम कॅस्केड लेसर’ सिद्ध केला. तो आरंभी अतिशीत अवस्थेतच चाले. सामान्य तापमानात अखंड चालण्यास २००२ साल उजाडले. याच रचनेच्या दोन्ही टोकांचे परावर्तन घटविले की तीच मध्य-अवरक्त प्रकाशाची विवर्धक बनते.

विद्यार्थी मित्रांनो, कल्पनेपासून येथवर ३१ वर्षे लागली. दहावीला गुण कमी पडले म्हणून मुलाला दुकानावर बसविणाऱ्या, अगर मुलीचे शिक्षण थांबविणाऱ्या पालकांनीही हा हिशेब ध्यानात घ्यावा. लांबच्या वाटेवर प्रकाशसुद्धा थकतो. मध्येच कोणी बळ दिले तर तो मुक्कामी पोचतो.