बिहाइंड बार्स इन भायखळा

मुंबईतील क्राइम रिपोर्टर जिग्ना व्होरा यांच्या तुरुंगवासाच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक (पेंग्विन, २०१९). कादंबरी नव्हे, तरी कथानकाची जात गुन्हेकथेचीच : संसार मोडल्यावर मुलाला घेऊन मुंबईला परतलेली बाई वार्ताहर होते, नाव कमावते आणि एका खुनाच्या बातमीत स्वतःच आरोपी म्हणून छापून येते.

व्होरा कोर्टाच्या बातम्यांकडून गुन्हेवार्तांकडे वळल्या आणि ‘एशियन एज’मध्ये उपब्यूरोप्रमुख झाल्या. ११ जून २०११ रोजी ‘मिड-डे’चे ज्येष्ठ पत्रकार ज्योतिर्मय डे यांची पवईत गोळ्या घालून हत्या झाली, मारेकरी मोटरसायकलवरून आले होते. २५ नोव्हेंबरला गुन्हे शाखेने व्होरांना अटक केली. डे यांचा पत्ता व मोटरसायकलचा क्रमांक त्यांनी टोळीप्रमुख छोटा राजनला (मूळ नाव राजेंद्र निकाळजे) पुरवला, आणि तोही व्यावसायिक असूयेपोटी, असा आरोप होता. कलमे मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याची. राजनशी फोनवर बोलणे झाले ते मुलाखतीसाठी, हे व्होरांचे म्हणणे.

ज्या ओळखींवर क्राइम रिपोर्टरचे पोट चालते, त्याच इथे पुरावा म्हणून पुढे आल्या. गडचिरोली-चंद्रपूरच्या वार्ताहरांना हा पेच परका वाटू नये. नक्षलवाद्यांची पत्रके त्यांच्याच हाती पडतात आणि पोलिसांच्या प्रेसनोटही. दोन्हीकडे ओळख नसेल तर बातमी नाही, असेल तर संशय. व्होरांच्या बाबतीत तो संशय ‘सूत्रांच्या हवाल्याने’ छापणारे त्यांचेच व्यवसायबंधू होते.

पुस्तकाचा जीव खटल्यापेक्षा भायखळ्याच्या महिला तुरुंगात अधिक आहे. झडती, बराक, सहकैदी बायकांची प्रकरणे, घरच्यांची भेट. लिखाण साधे, कुठे कुठे घाईचे. पण दुसऱ्याची हकिकत काढून घेण्याची वार्ताहराची सवय कोठडीतही सुटलेली नाही, आणि तीच पाने सर्वांत वाचनीय झाली आहेत. जुलै २०१२ मध्ये जामीन मिळाला. राजनला २०१५ मध्ये इंडोनेशियातून भारतात आणल्यावर तपास सीबीआयकडे गेला. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली, व्होरांची निर्दोष मुक्तता केली. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

पुस्तकावर आधारित ‘स्कूप’ ही हिंदी मालिका नेटफ्लिक्सवर २ जून २०२३ रोजी आली. दिग्दर्शन हंसल मेहता. निर्मितीच्या कल्पनेत व लेखनात मृण्मयी लागू वायकुळ यांचा मोठा वाटा. करिश्मा तन्नाने रंगवलेली, व्होरांवर बेतलेली जागृती पाठक पहिल्या पानासाठी हपापलेली आहे. मालिका ते लपवत नाही आणि त्यासाठी तिला गुन्हेगारही ठरवत नाही; न्यूजरूमचे चित्रण तर पुस्तकाहून सरस. आपले नाव व प्रतिमा परवानगीशिवाय वापरल्याची तक्रार घेऊन राजनने तुरुंगातून उच्च न्यायालय गाठले. प्रदर्शनाला स्थगिती मिळाली नाही.