मोल देऊन सोडवणारा



‘उद्धारक’ हा शब्द आपण प्रार्थनेत आणि गीतांत इतक्या वेळा उच्चारतो की त्यामागचा रोखठोक व्यवहार दिसेनासा होतो. शेत, कर्ज आणि गुलामगिरी यांच्या व्यवहारातून हा शब्द आला आहे.

जुन्या करारात त्यासाठी ‘गोएल’ हा हिब्रू शब्द येतो. गोएल म्हणजे सोडवणारा जवळचा आप्त. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात नियम आहे : भावाने गरिबीमुळे जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवावी, त्याने स्वतःलाच विकले, तर त्यालाही सोडवता यावे. रूथच्या पुस्तकात बवाज बेथलेहेमच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून हा प्रश्न काढतो. त्याच्याहून जवळचा एक आप्त आधी तयार होतो, पण आपल्याच वतनाला धक्का लागेल हे कळताच मागे सरतो. बवाज मात्र पदरमोड करून शेत सोडवतो आणि रूथला पत्नी म्हणून घरी आणतो. नाते आणि पदरमोड, दोन्ही असतील तोच गोएल.

यशयाच्या ग्रंथात बाबिलोनच्या बंदिवासातल्या लोकांना धीर देताना हाच शब्द देवासाठी वापरला आहे. पुढे येशूने स्वतःचा जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याविषयी सांगितले (मार्क १०:४५). तिथला ग्रीक शब्द गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजायच्या रकमेचा आहे.

ख्रिस्तसभेत काहींनी हे शब्दशः जगून दाखवले. भूमध्य समुद्रावर चाचे माणसे पकडून विकत, त्या काळी कैदी सोडवण्यासाठी संत जॉन दे माथा यांनी ट्रिनिटेरियन संघ स्थापला. ११९८ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्याची नियमावली मान्य केली. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा कैद्यांसाठी, असा त्यांचा नियम होता. १२१८ मध्ये बार्सिलोनात संत पीटर नोलास्को यांनी मर्सिडेरियन संघ सुरू केला. या संघाने तीन व्रतांना चौथे जोडले : गरज पडल्यास कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे.

‘डॉन किहोते’ लिहिणारा सर्वांतेस पाच वर्षे अल्जीयर्समध्ये कैदेत होता. १५८० मध्ये ट्रिनिटेरियन धर्मबंधू हुआन हिल यांनी त्याला सोडवले. घरच्यांनी जमवलेली रक्कम पुरली नाही, तेव्हा उरलेली त्यांनी तिथल्या व्यापाऱ्यांकडून उभी केली.

पण गुलामांचा बाजार दोन्ही किनाऱ्यांवर होता. ख्रिस्ती बंदरांतही मुस्लिम गुलाम विकले जात. सर्वांतेस सुटला त्यानंतर तीनच वर्षांनी डच प्रवासी लिन्सखोतेन गोव्यात आला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात तिथल्या मुख्य रस्त्यावर होणारा गुलामांचा लिलाव नोंदवला आहे. जवळच चर्चच्या घंटा वाजत होत्या. आपण मोल देऊन सोडवले गेलो आहोत असे मानणारे लोक माणसाला मोल लावत होते. हे वाचताना आपली मान खाली जाते, आणि जायलाच हवी.

हा व्यवहार आपल्या ओळखीचाच आहे. मुलीच्या फीसाठी पाटल्या सोनेतारण ठेवल्या की ‘सोडवून आणू’ असेच आपण म्हणतो. पाटल्यांची घडण बदललेली नसते, त्या आपल्याच असतात. फक्त दुसऱ्याच्या तिजोरीत अडकलेल्या असतात. पापात अडकलेला माणूसही देवाचाच राहतो. म्हणून देव त्याला टाकून देत नाही, सोडवायला येतो.

मग आपल्या धर्मग्रामात सावकाराच्या व्याजात बुडालेले घर, दारूत अडकलेला भाऊ, जामीन मिळूनही जामीनदाराअभावी तुरुंगात बसलेला तरुण, यांचा जवळचा आप्त कोण? त्यांच्यासाठी ‘प्रार्थना करतो’ म्हणून आपण पुढे जातो, तेव्हा वेशीतल्या त्या पहिल्या आप्तासारखेच वागतो. त्याचे वतन शाबूत राहिले, पण बायबलने त्याचे नावही नोंदवलेले नाही.

या आठवड्यात आपण सर्वांनी मिळून एक तरी अडकलेले माणूस शोधू या, आणि त्याच्यासाठी आपली थोडी झीज सोसू या.

हे प्रभू, तू आमचा आप्त झालास आणि आमचे मोल चुकते केलेस. आम्हालाही एकमेकांचे आप्त होऊ दे. आमेन.