जोगलटेंभीची नाणी आणि त्रिरश्मी लेणीचे दान

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा उजेडात आला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती सर्व मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि पश्चिम भारताच्या इतिहासातील एका वादग्रस्त प्रश्नाला भक्कम पुरावा मिळाला. जुनी नाणी जमविण्याचा छंद असणारे उपासक आज आपल्यामध्येही आढळतात. नाण्यांचे वाचन कसे करावे, आणि त्यांच्या तोंडी आपल्या मनातील शब्द घालण्याचा मोह कसा टाळावा, हे या एका साठ्याच्या आधारे आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस राजाचे मस्तक असून त्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. मागील बाजूस बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत 'क्षहरात नहपान राजाचे' अशा अर्थाचा लेख आहे. गौतमीपुत्राने ही नाणी वितळविली नाहीत. त्याने त्यांवरच कमानींचा पर्वत व आपल्या नावाचा ब्राह्मी लेख एका बाजूस, आणि ज्यास अभ्यासक 'उज्जयिनी चिन्ह' म्हणतात ते दुसऱ्या बाजूस ठोकले. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचा चेहरा व अक्षरे डोकावतात. पुराणांतील आंध्र राजांच्या यादीत गौतमीपुत्राचे नाव येते; पण नहपानाची सत्ता त्याने हिरावून घेतली, ही गोष्ट त्या यादीतून कळत नाही. ती या नाण्यांतून कळते, कारण खालचा ठसा आधीचा आणि वरचा ठसा नंतरचा, याविषयी शंका घेता येत नाही. साठ्यातील नाण्यांवर नहपानाचे चेहरे एकसारखे नाहीत, हेही स्कॉट यांच्या लक्षात आले. सुटे एक नाणे हाती असते तर हे कधीच कळले नसते.

आता या नाण्यांचा संघाशी काय संबंध, हे पाहू. त्यासाठी नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावर जावे लागते. या लेण्यांना लोकांनी पांडवांचे नाव दिले असले, तरी तेथील शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे आणि दान भिक्खूसंघास दिलेले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेणीत नहपानाचा जावई, दिनिकाचा पुत्र उषवदात याचे लेख आहेत. ४२व्या वर्षी त्याने ही लेणी चारही दिशांच्या संघाला अर्पण केली आणि तिच्यासोबत ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीत दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० कार्षापण कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीत दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने होते. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट आहे. हे दान निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविले, हेही लेखात नमूद आहे.

लेखातील हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. २,००० कार्षापणांवर शेकडा एक दराने महिन्याला २० कार्षापण व्याज येते. वर्षाला २४० होतात. लेख सांगतो, की लेणीत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. एक कार्षापणही कमी वा अधिक नाही. उरलेल्या १,००० कार्षापणांवर वर्षाला ९० येतात; ते 'कुशणमूल' म्हणून दिले आहेत, आणि या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांची किंमत २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा विनिमयाचा दरही दिला आहे. मात्र हे ७०,००० कार्षापण संघाला नव्हेत, देवांना व ब्राह्मणांना दिलेले आहेत. उषवदात सर्वांनाच दान देणारा राजपुरुष होता, हे आपण विसरू नये.

या काळातील चलनी रौप्य नाणे म्हणजेच लेखांतील कार्षापण, असे अभ्यासक मानतात. तसे असेल, तर जोगलटेंभीच्या साठ्यातील नाणे आणि वीस भिक्खूंचे चीवर ही एकाच व्यवहाराची दोन टोके ठरतात. येथे पालि वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. विनयानुसार भिक्खूने सोने-रुपे स्वीकारणे हा निस्सग्गिय पाचित्तिय दोष आहे. तेथे 'रजत' या शब्दाची व्याख्या करताना कहापण, तांब्याचा मासक, लाकडाचा मासक, लाखेचा मासक, म्हणजे जे जे व्यवहारात चालते ते सर्व त्यात धरले आहे. नाणे धातूने ठरत नाही, चलनाने ठरते, ही जाण या व्याख्येत स्पष्ट आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र ठेवून उपासकांकडे कहापण मागितले. यश काकण्डकपुत्त यांनी त्यास विरोध केला आणि तेथून दुसऱ्या संगीतीचा प्रसंग उद्भवला.

मग त्रिरश्मीच्या दानाने विनयाचा भंग झाला काय? विनयात चीवराच्या मूल्याविषयीही एक नियम आहे. दात्याने दूताकरवी चीवराचे मूल्य पाठविले, तर भिक्खू ते स्वतः घेत नाही. संघाची कामे पाहणाऱ्या उपासकाकडे वा आरामिकाकडे ते सोपविले जाते आणि भिक्खूला चीवर मिळते. मेंडक गृहपतीच्या प्रसंगानेही अशीच व्यवस्था मान्य झाली आहे. त्रिरश्मीच्या लेखात मूळ ठेव श्रेणींच्या हाती आहे, ही बाब या व्यवस्थेशी सुसंगत आहे. मात्र वर्षाचे १२ कार्षापण भिक्खूच्या हाती पडत की उपासकाच्या, हे लेख सांगत नाही. म्हणून आपणही ते ठामपणे सांगू नये.

राजा बदलला तेव्हा या दानाचे काय झाले, याचाही पुरावा तेथेच आहे. गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षीच्या लेखात, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना देण्याची आज्ञा त्याने गोवर्धनच्या अमात्यास दिली आहे. नाण्यावरचा ठसा बदलला, शेतावरची मालकी बदलली. पण दान थांबले नाही. सत्ता एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जात असताना संघ मात्र टिकून राहिला, हा या दोन पुराव्यांतून निघणारा निष्कर्ष आहे.

येथेच मोह उभा राहतो. गौतमीपुत्राच्या ठशावरील कमानींच्या पर्वताला अनेक ग्रंथकार 'चैत्य' म्हणतात. त्यामुळे हे नाणे बौद्ध आणि ते पाडणारा राजाही बौद्ध, असे विधान करणे सोपे जाते. परंतु हे चिन्ह चैत्याचे की पर्वताचे, याविषयी एकमत नाही. शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या लेणीत राजमाता गौतमी बलश्री हिचा पुळुमावीच्या १९व्या वर्षीचा लेख आहे. लेणी भद्रायनीय निकायाच्या भिक्खूंना दिली आहे. आणि त्याच लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी त्याची स्तुती आहे. वर्णसंकर थांबविण्याचे श्रेय घेणाऱ्या राजाला केवळ एका चिन्हावरून आपण बौद्ध म्हणावे काय? आमच्या मते, तसे करणे म्हणजे शिलालेखात नसलेले पांडव लेण्यांना चिकटविण्यासारखेच आहे. ज्या इतिहासावर अन्याय झाला, त्याची भरपाई दुसऱ्या कल्पनेने होत नाही. वीस भिक्खू, बारा कार्षापण, दोन श्रेणी आणि २०० निवर्तने हा पुरावा आपल्यापाशी आहे. तो कोणत्याही चिन्हापेक्षा बळकट आहे.

म्हणून जुनी नाणी जमविणाऱ्या बंधुभगिनींनी काही पथ्ये पाळावीत. नाणे कोठे सापडले, कोणासोबत सापडले, याची नोंद मिळेल तेवढी ठेवावी. स्थान हरविलेले नाणे निम्मे मुके असते. साठा फोडून विकत घेऊ नये. नाणे आम्लाने घासून उजळवू नये. जोगलटेंभीच्या नाण्यांवरील जुना ठसा अशा उजळवण्याने कायमचा गेला असता. वजन व व्यास नोंदवावा. शेतात वा घराच्या पायात साठा सापडला, तर १८७८च्या निधी-निखात कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या समस्येवरील आपला ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध केला. चलन वाढविण्याची मोकळीक सरकारच्या हाती राहिली, तर रुपयाच्या मूल्याचे काय होते, हा प्रश्न त्यांनी कागदपत्रे व आकडे तपासून सोडविला. जुन्या नाण्यांकडे पाहतानाही तीच शिस्त आपल्याला लागेल. ते कोणी पाडले, कोणाच्या हातून गेले आणि अखेर कोणाच्या उपयोगी पडले, हे तीन प्रश्न प्रत्येक नाण्याला विचारावेत. उत्तर मिळेल तेवढेच लिहावे, आणि जे लिहिले ते पुढच्या अभ्यासकाला पडताळून पाहता येईल अशा रीतीने ठेवावे.