शिक्का, शाई आणि नाताळची शुभेच्छा

‘रबरी शिक्का’ हे शब्द आपल्या भाषेत मानाने उच्चारले जात नाहीत. ज्याला स्वतःचे मत नाही, दुसऱ्याने पुढे केलेल्या कागदावर जो मुकाट्याने मान डोलावतो, त्याला आपण रबरी शिक्का म्हणतो. कचेरीतील टेबल, शाईने माखलेली गादी, ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ हे शब्द, हीच या वस्तूची आपल्याला असलेली ओळख. अशा साधनाने कोणी आपली श्रद्धा नि आपला स्नेह व्यक्त करू पाहील, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. तथापि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिकेत व इंग्लंडात अनेक घरांतून नेमके हेच होत आले आहे. डिसेंबर जवळ आला की टेबलावर जाड कागदाच्या घड्या पडतात, शाईच्या गाद्या उघडतात, आणि रबरी शिक्क्यांनी तारा, गव्हाण, मेंढरे व उंटांवरून आलेले ज्ञानी पुरुष उमटवून नाताळची शुभेच्छापत्रे घरच्या घरी तयार होतात. हा छंद वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु त्याच्या मागे सुमारे अठराशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो : एकाच ठशाने अनेकांना धाडलेला संदेश मनापासूनचा असू शकतो काय? या प्रश्नाचा मागोवा आज घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत क्लेमेंट नावाचा एक ख्रिस्ती आचार्य शिकवीत असे. त्या काळी मोहोरेची अंगठी ही निव्वळ चैनीची वस्तू नव्हती. पत्रावर, कोठीवर, मेणावर ठसा उमटवावयास ती लागतच असे. पण बाजारातील अंगठ्यांवर ग्रीक-रोमन देवतांच्या आकृती कोरलेल्या असावयाच्या. मग ख्रिस्ती माणसाने काय करावे? क्लेमेंटने आपल्या ‘पेडागोगस’ या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. कबूतर, मासा, वाऱ्यावर धावणारे गलबत, तंतुवाद्य, जहाजाचा नांगर, अशा आकृती त्याने सुचविल्या. शांतीच्या उपासकाने तलवार वा धनुष्य कोरवून घेऊ नये आणि संयमी माणसाने मद्याचा प्याला कोरवू नये, असेही त्याने बजाविले. हा प्याला श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटावयाचा आहे. ख्रिस्ती चित्रांविषयीच्या अगदी जुन्या लेखी सल्ल्यांपैकी हा एक, आणि तो भिंतीवरील चित्राविषयी नसून ठशाविषयी आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या चिन्हांत माशाचा अर्थ मोठा मौजेचा. ग्रीक भाषेत माशाला ‘इख्थूस’ म्हणतात. त्या शब्दाची पाच अक्षरे म्हणजे ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरे. आकृती दोन वाकड्या रेघांची, पण तीत सारा विश्वास साठविलेला. ऑर्थोडॉक्स पंथाच्या चर्चमध्ये उपासनेची भाकर भाजण्यापूर्वी तिच्यावर ठशाने क्रूस आणि ख्रिस्ताच्या विजयाची अक्षरे उमटवितात. तो प्रघात आजही चालू आहे. आपल्याकडे वैष्णव मंडळी धातूची मुद्रा गोपीचंदनात बुडवून शंखचक्राची चिन्हे अंगावर उमटवितात. ते ज्याने पाहिले आहे, त्याला ठसा आणि भक्ती यांचे वैर नाही हे निराळे सांगावयास नको.

युरोपात कागद सुलभ झाल्यावर हाच ठसा लाकडावर आला. फळीवर चित्र उलटे कोरावयाचे, शाई लावावयाची आणि वर कागद दाबावयाचा. १४२३ हे वर्ष कोरलेले संत क्रिस्टोफरचे असे एक चित्र जर्मनीतील बुक्सहाइमच्या मठात सापडले. ते आता मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. गुटेनबर्गचे बायबल निघाले ते त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी. संत क्रिस्टोफर हा बाल ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. त्याचे दर्शन घडले त्या दिवशी अपमृत्यू टळतो, अशी लोकांची समजूत होती. ज्या गरिबाला रंगविलेले चित्र विकत घेणे कधीच परवडले नसते, त्याच्या दाराला वा पेटीच्या झाकणाला आता असे एखादे चित्र चिकटू लागले. पुढे १४६७ च्या सुमारास, केवळ ‘ई. एस.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका जर्मन कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात फुलावर उभा असलेला बाल येशू नववर्षाच्या शुभेच्छा देताना दिसतो. शुभेच्छापत्राचे मूळ रूप पाहावयाचे तर ते येथे आहे.

इंग्लंडात मात्र हा धागा सरळ चालत आला नाही. १६४७ साली प्यूरिटन मताच्या पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. सण पुढे परत आला. त्याला शुभेच्छापत्राची जोड मिळाली, ती चर्चमुळे नव्हे, टपालामुळे.

१८४० साली रोलंड हिलच्या योजनेने ब्रिटनमध्ये एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले. या कामात हिलला साहाय्य करणारा हेन्री कोल हा मोठा उद्योगी सरकारी अधिकारी. टपाल स्वस्त झाले तशी पत्रे वाढली, आणि १८४३ च्या नाताळात स्नेह्यांना पत्रे लिहावयास कोलला सवड होईना. तेव्हा त्याने जॉन कॅल्कॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, शिळाछापावर त्याच्या सुमारे १००० प्रती काढविल्या, त्या हाताने रंगविल्या गेल्या, आणि स्वतःपुरत्या ठेवून उरलेल्या एक शिलिंगला एक याप्रमाणे विक्रीस काढल्या. नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र ते हेच. चित्राच्या दोन बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देण्याचे प्रसंग होते. मध्यभागी मात्र एक सुखवस्तू कुटुंब मद्याचे प्याले उंचावीत होते आणि एका लहान मुलाच्या ओठांशीही प्याला होता. मद्यपानविरोधी मंडळींनी त्यावर गहजब केला. क्लेमेंटने अंगठीवरून काढून टाकावयास सांगितलेला प्याला असा साडेसोळाशे वर्षांनी नाताळच्या पत्रावर येऊन बसला. गव्हाण त्यात नव्हती, तारा नव्हता, बाळही नव्हते.

येथे एक गोष्ट नीट ओळखून ठेवावी असे आम्हांस वाटते. हे पत्र जन्मास आले ते वेळ वाचविण्यासाठी. त्यात कोलचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याने दानधर्माची आठवण तरी चित्रात ठेवली होती. पण पुढे यंत्राने वेग घेतला. बॉस्टनचा लुई प्रँग हा जर्मन प्रदेशातून आलेला छापखानदार एकेका चित्रासाठी अनेक दगड वापरून सुरेख रंगीत छपाई करी. १८७३ साली त्याने इंग्लंडासाठी आणि १८७४ साली अमेरिकेसाठी नाताळची पत्रे काढली. पुढे स्वस्त मालाची लाट आली व तिच्यापुढे प्रँगसारख्यालाही या धंद्यातून हात आखडता घ्यावा लागला. व्हिक्टोरियाकालीन पत्रांवर पाहावे तो लाल छातीचा रॉबिन पक्षी, फुले, मांजरांची पिले, बर्फातील खेडे! धार्मिक चित्रे त्या मानाने थोडीच. पत्र घरोघर पोहोचले, पण ज्याच्या जन्माचा सण तो बहुधा त्यात नव्हता, आणि पाठविणाऱ्याचा हातही सहीपुरताच उरला होता.

आता रबराकडे वळू. कोलचे पत्र निघाले त्याच सुमारास, १८४३-४४ मध्ये, इंग्लंडात टॉमस हॅन्कॉकने आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबर पक्के करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई नि थंडीत ठिसूळ. त्यात गंधक मिसळून उष्णता दिली की ते लवचीक राहून टिकाऊ होते, हे गुडइयरला १८३९ साली उमगले होते. एवढे करून १८६० साली तो वारला तेव्हा कर्जबाजारीच होता. या रबरापासून दंतवैद्य कवळ्या बनवू लागले. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेत काही कल्पक माणसांनी कवळ्या भाजण्याच्या त्याच लहान भांड्यात अक्षरांचे शिक्के भाजून काढले. हा मान आपला, असे म्हणणारे तेथे एकाहून अधिक निघाले. कृती सोपी होती : जुळविलेल्या खिळ्यांचा ठसा प्लास्टरमध्ये घ्यावयाचा, त्या साच्यात गंधकमिश्रित रबर दाबावयाचे आणि तापवावयाचे. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधून काढल्यापासून शाईलाही नवे रंग मिळू लागले होते. बँका, टपाल, कचेऱ्या यांनी शिक्का उचलला, आणि पाहता पाहता तो हुकुमाचे चिन्ह बनला.

या हुकुमाच्या चिन्हाची पहिली थट्टा केली ती कलावंतांनी. १९१९ च्या सुमारास जर्मनीत कुर्ट श्विटर्सने कचेरीचे शिक्के आपल्या चित्रांत उमटविले. १९७४ साली एर्व्हे फिशरने कलावंतांच्या शिक्क्यांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यानंतर अमेरिकेत चित्रांचे रबरी शिक्के घरगुती छंदात शिरले, आणि ज्या घरांत ख्रिस्ती श्रद्धा जिवंत होती तेथे कबूतर, मासा, कोकरू, गव्हाचे कणीस, द्राक्षाचा घड ही जुनीच चिन्हे नव्या रबरावर आली. क्लेमेंटची यादी जणू पुन्हा उघडली गेली!

या कामाची एक युक्ती सांगण्याजोगी आहे. शिक्का असतो एकाच मेंढराचा. तो प्रथम उमटवावयाचा. मग कागदाचे तेवढेच मेंढरू कातरून त्या ठशावर झाकावयाचे आणि शेजारी पुन्हा शिक्का मारावयाचा. झाकण काढले की दुसरे मेंढरू पहिल्याच्या मागे उभे! असे करीत एका शिक्क्यातून कळप होतो. तारा उठून दिसावा म्हणून ओल्या शाईवर राळेसारखी बारीक पूड भुरभुरवितात व कागद तापवितात. पूड वितळून रेघ वर येते. ज्याला शिक्काही विकत घ्यावयाचा नाही, तो साधे खोडरबर कोरतो. आणि आपल्याकडील मुलांना तर हेही सांगावयास नको. आडवी कापलेली भेंडी शाईत बुडविली की पाच टोकांचा तारा आयताच मिळतो.

यावर कोणी आक्षेप घेईल की, शिक्काही शेवटी नक्कलच ना? शिवाय आता शिक्के, शाया, कापलेले कागद यांचाही मोठा व्यापार झाला आहे. तयार संच आणावा नि दाबावा, यात हात तो कितीसा? आक्षेप खोटा नाही. संचातील कागदावर संचातील शिक्का मारून शंभर पत्रे उरकणारा माणूस कोलच्याच वाटेने जातो, फरक एवढाच की तो दमतो अधिक. परंतु आपल्याकडे लग्नपत्रिका छापखान्यातून शेकड्यांनी येतात, आणि घरची माणसे बसून एकेकीच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावतात. छापलेला मजकूर सर्वांना सारखा. बोट मात्र प्रत्येकीला वेगळे लागते, आणि लावताना पत्रिका कोणाची हे नाव डोळ्यांखालून जाते. शिक्क्याचे मर्म हेच. त्याचा प्रत्येक ठसा थोडा निराळा पडतो, कारण तो दाबणारा हात यंत्र नसतो. ज्याला चित्र काढता येत नाही त्याला तो चित्र देतो, आणि बदल्यात त्याच्याकडून थोडा वेळ मागतो. वेळ वाचविण्यासाठी निघालेली वस्तू अशा रीतीने वेळ देण्याची वस्तू झाली, हा आम्हांस या साऱ्या इतिहासाचा सारांश वाटतो.

आपल्याकडे नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांच्या ‘नाताल’वरून आला. वसईत आणि गोव्यात तो सण आपल्याच भाषाभगिनींतून साजरा होतो, आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे पाठविण्याची चाल तर आपण सर्वांनीच उचलली होती. आज एका बोटाच्या स्पर्शाने एकच चित्र दोनशे माणसांना जाते. कोलला हेवा वाटावा अशी ही सोय आहे, आणि दूरच्या माणसाला त्यात आनंद मिळत असेल तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दोनशेंपैकी पाच माणसे तरी अशी असावीत की ज्यांच्यासाठी आपण कागद घडी करावा, शाई लावावी आणि ठसा वाळेपर्यंत थांबावे. त्या थांबण्याच्या अवधीत त्या माणसाची आठवण होते. शुभेच्छा खरी घडते ती तेव्हा. टपाल ती फक्त पोहोचविते.