खुदरी माशाची हकीकत

मंडळी, पुण्याहून साताऱ्याकडे निघालात म्हणजे खेड-शिवापूर मागे टाकल्यावर चेलाडीचा फाटा लागतो. तिथून आत वळले की नसरापूर. गावाजवळ बनेश्वराचे देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले. देवळाला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. पण देवळामागे खडकांवरून उड्या घेत जाणाऱ्या शिवगंगेकडे निरखून पाहिले आहे कुणी? ही शिवगंगा पुढे गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला, आणि नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला. पुण्याची मुळा-मुठाही भीमेलाच मिळते. म्हणजे नसरापूरचे पाणी आणि पुण्याचे पाणी शेवटी एकाच घरचे. एवढे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

नदीतला मासा पाहायचा तर नुसता गळ घेऊन भागत नाही. सोबत जाणता माणूस लागतो. वाम दगडाच्या कपारीत, मरळ संथ पाण्यात, आणि खडशी जिथे पाणी खडकावरून फेसाळत पडते त्याच्या खालच्या डोहात, हे त्याला ठाऊक असते. काठावर उंबर असेल तर पिकल्या फळांच्या दिवसांत मासा त्याच्याखाली ठाण मांडतो, हेही तो सांगतो. आणि तुम्ही उन्हाकडे पाठ करून उभे राहिलात तर हात धरून बाजूला घेतो. कारण तुमची सावली पाण्यावर पडली की मासा गेलाच म्हणून समजा.

विलायतेतही हीच रीत. तिथे बार्बेल नावाचा एक मिशाळ मासा आहे. तो वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळाशी राहतो. दुसरा चब. हा झाडाखाली टपून बसतो आणि वरून पडेल तो किडा, पडेल ते फळ मटकावतो. हे मासे धरायला जाणारा परगावचा माणूस तिथल्या जाणकाराला बरोबर घेतो. आपल्या खडशीत या दोघांच्याही खोडी आहेत, आणि बार्बेलसारख्या चार मिशाही आहेत.

आता खरी हकीकत. 1824 साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमले. पिके, माणसे, पाऊसपाणी यांची नोंद करता करता त्याने पक्षी टिपले, आणि नद्यांतले मासेही. त्याचे माशांचे वर्णन 1839 साली लंडनला छापले गेले. शिक्षकबंधूंनी ते जरूर पाहावे. त्यातली शास्त्रीय नावे वाचताना आपण लॅटिन वाचतो आहोत की मराठी, असा प्रश्न पडतो. खुदरी, कोळस, पोटील, नुकटा, बोबरी, गुंगवारी! साहेबाने लोकांच्या तोंडची नावे ऐकली आणि रोमन अक्षरांत उतरवून शास्त्राच्या वहीत नेऊन ठेवली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या मिशाळ माशाला त्याने ‘बार्बस खुदरी’ म्हटले. बार्बस म्हणजे दाढी-मिशांचा. बार्बेलचे नावही त्याच शब्दापासून आले. पुढे शास्त्रज्ञांनी पहिला शब्द बदलून ‘टॉर’ केला. ‘खुदरी’ मात्र तसाच राहिला. दख्खनचा महसीर म्हणतात तो हाच. गावोगावी त्याला खडशी, खडची असेही म्हणतात.

साइक्सने आपल्या माशांना यारेलसारख्या साहेबलोकांची नावेही दिली. मासा कुठल्या डोहात आहे हे ज्यांना ठाऊक होते त्या भोयांपैकी मात्र एकाचेही नाव कुठल्या माशाला मिळाले नाही. त्यांचा शब्द राहिला, माणूस गेला.

पण शब्द राहिला तरी तो कुठल्या माशाचा, हे सांगणारे कुणी नसले की काय घोटाळा होतो, तेही ऐका. साइक्सने शिरूरजवळ घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला ‘मुसुल्ला’ हे नाव दिले होते. पुढे अनेक वर्षे हे नाव दूर कावेरी नदीतल्या, पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महसीराला लावले गेले. हे बरोबर नाही, साइक्सचा मुसुल्ला महसीरच नव्हे, असे 2013 च्या सुमारास अभ्यासकांनी दाखवून दिले. कावेरीच्या माशाची खरी ओळख पटायला 2018 साल उजाडले. शंभराहून अधिक वर्षे जगभरचे शौकीन तो मासा धरायला येत होते, आणि त्याला स्वतःचे नाव नव्हते!

तोपर्यंत उशीर झाला होता. त्याचे असे झाले. आपल्या लोणावळ्याला टाटांच्या वीजतलावांत खुदरी मासा होता. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची अंडी, पिले यांचा अभ्यास करून 1971 साली तो प्रसिद्ध केला. पावसाळ्यात मासा वाहत्या पाण्याकडे चढतो, गोट्या-वाळूवर अंडी घालतो, आणि तीनेक दिवसांत पिले बाहेर येतात. हीच क्रिया वळवणच्या केंद्रात हाताने करून लाखो पिले वाढवली गेली. मोठेच काम हे. पण त्यातली पिले कावेरीतही सोडली गेली. तिथे आपला निळसर परांचा खुदरी फोफावला आणि तिथला उंच पाठीचा मासा मागे हटला. आज त्याची गणना अगदी नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांत होते.

हे उमगले कशावरून? गलीबोरे येथे कावेरीकाठी शौकिनांची छावणी होती. वाटाड्याला घेऊन मासा धरायचा, वजन करायचे, नोंद करायची आणि सोडून द्यायचा, असा तिथला शिरस्ता. 1998 ते 2012 या सालांच्या त्या नोंदी तपासल्या तेव्हा कुठला मासा वाढला आणि कुठला घटला, ते दिसले.

आता शिवगंगेकडे परत येऊ. मुळा-मुठेच्या ज्या पाण्यातून साइक्सने खुदरी घेतला त्यात आज शहराचे सांडपाणी आहे. वेळवंडीवर, नीरेवर, गुंजवणीवर धरणे झाली. शेताला पाणी मिळाले, फार चांगले झाले. पण वर चढणाऱ्या माशाची वाट अडली. अशा वेळी नीरेकाठच्या जुन्या जाणत्या माणसांना जे ठाऊक आहे, ते मोलाचे आहे.

म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती. गावातल्या म्हाताऱ्या भोयाला, कातकऱ्याला एक दिवस मुलांबरोबर नदीवर न्या. पुढे त्याला चालू द्या. तो म्हणेल ती माशांची नावे त्याच्याच उच्चारात वहीत लिहा. मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, पूर्वी किती आणि आता किती, हे लिहा. आणि सांगणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका. साइक्सच्या माशांत तेवढे राहून गेले.

शेतकरी बांधवांनी एवढे करावे: आषाढ-श्रावणात चढणीचा, अंड्यावरचा मासा धरू नये, आणि डोहात सुरुंग किंवा औषध टाकणाऱ्याला, तो आपला सोयरा असला तरी, अडवावे. दुसऱ्या नदीतले मासे आपल्या नदीत सोडायचे कुणाच्या मनात आले, तर आधी जाणकाराला विचारावे. कावेरीत काय झाले ते आपण आताच ऐकले.