फरशीपुराण

गेल्या दिवाळीआधी आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक चकचकीत फरशीवाल्यांचा. त्यात आमची सौ., चिरंजीव, सूनबाई आणि फरशीचा दुकानदार. दुसरा पक्ष माझ्या आईचा. तिचे वय शहाऐंशी आणि पक्षाची सभासदसंख्या एक. मी दोन्हीकडची बोलणी खात होतो, म्हणजे अपक्ष होतो.

निमित्त झाले न्हाणीघराच्या उखडलेल्या फरशीचे. पण घरात एकदा गवंडी शिरणार म्हटले की एका खोलीवर कुणाचे समाधान होते? सगळ्याच घराची फरशी बदलायची ठरली. दुकानात दोन फूट बाय चार फुटांच्या फरश्या उपवर मुलींसारख्या नटूनथटून उभ्या होत्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, हॉलपासून बाथरूमपर्यंत एकच टाकून घ्या. घर मोठं दिसतं."

"पाय घसरणार नाही ना?" मी विचारले.

"सवय होते साहेब."

कशाची सवय होते, चालण्याची की पडण्याची, हे त्याने सांगितले नाही.

निर्णय घेता येईना की मी इतिहासात शिरतो. हा माझा जुना आजार आहे. मी घरी येऊन सांगू लागलो, "आजोबांच्या घरी माजघरात सारवलेली जमीन होती. काय थंडगार! पाय कधी घसरला नाही कुणाचा."

आतून आईचा आवाज आला, "जमीन चोपून सारवायला तुला बसवलं असतं ना, म्हणजे कळलं असतं किती थंडगार ते! गुडघे गेले आमचे."

शेणाची जमीन तिथेच संपली. मी शहाबादीवर आलो.

आपल्या महाराष्ट्राचा काळा दगड कणखर खरा, पण स्वभावाने आपल्यासारखाच. फुटेल, पण सरळ चिरला जाणार नाही. शहाबादचा दगड चुनखडीचा, थराथरांनी बनलेला. थरात छिन्नी घातली की लादी सुटते. कापण्याचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवलेले. त्यात मुंबईहून रायचूरला जाणारी रेल्वे १८७१ मध्ये पुरी झाली आणि शहाबाद नेमके त्याच वाटेवर. तेव्हा ते गाव निजामाच्या राज्यात होते, आज कर्नाटकात आहे. तिथून निघालेली लादी आमच्या मोऱ्यांपर्यंत येऊन पोचली. मुळात खडबडीत, त्यामुळे ओल्या पायाला धरून ठेवणारी. शत्रू एकच, आम्ल. मोरी घासायला कुणी ॲसिड ओतले की चुनखडी फसफसते आणि लादीला देवीचे व्रण उठतात.

नाहीतरी मराठी माणसाच्या पायाखाली मराठी काय असते? शहाबादी कर्नाटकातली, ओट्याचा कडाप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानचा आणि हल्लीची फरशी गुजरातेतल्या मोरबीची. केर तेवढा आपला.

बड्या घरांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे विलायतेहून मिंटनच्या लाद्या येत. एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून भट्टीत भाजायची, ही मध्ययुगातली पद्धत हर्बर्ट मिंटनने इंग्लंडात पुन्हा उभी केली. नक्षी वरून रंगवलेली नाही, आत भरलेली. झिजली तरी पुसली जात नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात (ते उघडले १८७२ मध्ये) जाऊन खाली मान घालून हिंडावे, म्हणजे पटेल. मग स्वदेशीचे वारे आले आणि १९२२ मध्ये फेरोजशा सिधवांनी 'भारत फ्लोअरिंग्ज' काढली. लादी मातीची नव्हे, सिमेंटची. भट्टी नाही, यंत्राखाली दाबायची आणि पाण्यात मुरवायची. लोक अंगावर खादी घालत, तशी ही पायाखालची खादी!

त्यानंतर मोझॅक. संगमरवराचे तुकडे सिमेंटात कालवलेले, म्हणजे गरिबाचा संगमरवर. आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये ते बसवले तेव्हा वडील गुडघ्यांवर रांगत प्रत्येक फरशीवर रुपयाचे नाणे वाजवत होते. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला की "काढा ही." गवंडी म्हणाला, "काका, असा पैसा वाजवून कुणी घेत नाही." वडील म्हणाले, "पैसा वाजवूनच घेतलाय मी फ्लॅट."

१९९० नंतर व्हिट्रिफाईड फरशी आली. गुणांची खाण. अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, म्हणून डाग मुरत नाही. पण न पिणारा माणूस जसा जरा ताठच असतो, तशी तीही साध्या सिमेंटला नीट चिकटत नाही, वेगळे चिकट मिश्रण लागते. आणि वरून पॉलिश केलेली असली की सांडलेले पाणी आरशावर बसावे तसे बसते. त्यावर पाय पडला की माणूसही बसतो.

इथे सूनबाई म्हणाली, "बाबा, इतिहास छान आहे. पण आजींना नक्की काय हवंय ते विचारलंत का?"

नव्हते विचारले. मी आईजवळ जाऊन बसलो.

आदल्या वर्षी ती माझ्या बहिणीकडच्या अशाच गुळगुळीत बाथरूममध्ये पडली होती. मनगट मोडले. ते जुळले, पण तेव्हापासून 'आई, कडी लावायची नाही' असा आम्ही हुकूम काढला होता. बाहेर कुणीतरी उभे राहून दर दोन मिनिटांनी "आई, ठीक ना?" विचारायचे.

आई म्हणाली, "हॉलमध्ये तुम्ही आरसे लावा जमिनीला. माझं काय जातंय? मला फक्त कडी लावून आंघोळ करायची आहे रे."

पुढचा इतिहास मी स्वतः घडवला. दुकानदाराला विचारले, तेव्हा माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आर-९, आर-१०, आर-११ असे काहीतरी सापडले. आकडा मोठा तितकी पकड जास्त. हॉलला सौ.ची चकचकीत, स्वयंपाकघराला बेताची आणि न्हाणीघराला आर-११ची, खरखरीत, लहान आकाराची. सांधे जास्त, तितका पायाला आधार जास्त. उतार नेमका जाळीकडे. मी गुडघ्यांवर रांगत नाणे वाजवले. चिरंजीवांनी फोटो काढला.

पाडव्याला पहाटे आई नव्या न्हाणीघरात गेली. आधी ओल्या पायाने उभी राहून पाहिले. मग दार लागले आणि खटकन कडी पडली. बाहेर आम्ही दोन्ही पक्ष श्वास रोखून उभे.

न राहवून मी विचारलेच, "आई, ठीक ना?"

"तू तिकडे हॉलमध्ये सांभाळून चाल," आतून आवाज आला.