उजनी जलाशय : जीवसृष्टी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा हा जलाशय सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या हद्दींत पसरलेला आहे. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट असून तीपैकी निम्म्याहून अधिक मृत साठा होय. अवर्षणाच्या साली पाणी या मृत साठ्यात उतरले, की पाटबंधारे खात्याच्या दफ्तरी ते ‘उणे’ टक्क्यांत नोंदले जाते.

पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा, मुठा व पवना या नद्यांवाटे भीमेत आणि तेथून या संथ पाण्यात येते. चांगल्या पावसाळ्यात ते विरळ होते. परंतु ज्या साली पाऊस दगा देतो, त्या साली वरची धरणे आपले पाणी राखून ठेवतात, नदीचा ओघ आटतो, आणि शहरांचे सांडपाणी मात्र अखंड वाहत राहते. त्यामुळे जलचरांना दुष्काळाची झळ लागते ती पाण्याच्या तुटवड्यापेक्षाही उरलेल्या पाण्याच्या दूषिततेने, असेच म्हणावे लागते. उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात नायट्रोजन व फॉस्फरस यांवर पोसलेली नील-हरित शैवाले माजली, म्हणजे दिवसा ती प्राणवायू देतात खरी, पण रात्री तोच ओढून घेतात, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. काठच्या उसाच्या खतांचा निचरा यात भर घालतो; एके काळी जिरायतीचा असलेला हा मुलूख धरणानंतर उसाचा झाला, हे येथे विसरता येत नाही.

अशा पाण्यात तगतो तो मूळचा आफ्रिकेतील, १९५२ साली भारतात आणलेला चिलापी मासा. वाहत्या, निर्मळ पाण्याच्या महसीर माशास येथे फारसा थारा उरला नाही. मत्स्यबीज म्हणून सोडले जाणारे कटला व रोहू हेही मूळचे उत्तरेकडील नद्यांचे.

अतिवृष्टीने जलाशय धुऊन निघतो, हा समज अर्धाच खरा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपुरास वेढा घालणाऱ्या पुरासारखा पूर पाण्यावर माजलेली जलपर्णी खाली लोटून देतो. परंतु तळच्या गाळात मुरलेला फॉस्फरस बव्हंशी तेथेच राहतो, आणि तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. सबब शहरांतील सांडपाणी उगमाशीच शुद्ध झाल्यावाचून धरणावरील जलपर्णी काढण्याची तजवीज वरवरचीच ठरते.

याच जलाशयाच्या काठी भिगवण परिसरात हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी उथळ पाण्यात व चिखलात अन्न शोधतात. पाणी हटून चिखलाचे पट्टे उघडे पडल्याखेरीज त्यांना चरावयास जागा मिळत नाही, म्हणून धरण दीर्घकाळ तुडुंब राहिलेल्या साली ते उशिरा येतात.